पोफळीच्या बागेवरचं रान : तोडायचं की राखायचं?

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात डोंगरउतारावर आमची पाच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या दीड एकरात पोफळीची बाग आहे आणि तिला वरच्या रानातून येणाऱ्या व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी मिळतं. वरचं साडेतीन एकर दाट रान आजोबांच्या काळापासून कोणी साफ केलेलं नाही. आता एक ठेकेदार ते उभं रान एकरकमी मागतोय. तोड झाली की जेसीबीने जागा साफ करून रबर लावायचा, असा धाकट्या भावाचा आग्रह आहे. मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणते, हे वर्षावन आहे, त्याच्यामुळेच पाऊस पडतो आणि ऑक्सिजन मिळतो, तेव्हा तोडायचं नाही. भाऊ म्हणतो, पाऊस समुद्रावरून येतो आणि आपल्या साडेतीन एकरांनी जगाचं काही अडत नाही. खरं कोणाचं? आणि रान राखलं तर आमच्या पदरात काय पडणार?
— एक वाचक, दोडामार्ग तालुका

उत्तर : पावसाबाबत तुमच्या भावाचं बरंचसं बरोबर आहे आणि रानाबाबत मुलीचं. तोड करू नका, हा आमचा स्पष्ट सल्ला. पण मुलीने दिलेली कारणं बदलायला हवीत. चुकीच्या कारणावर उभा केलेला युक्तिवाद भावासमोर टिकणार नाही, आणि एकदा तो हरला की रानही जाईल.

आधी पाऊस. कोकणात पाऊस पडतो तो अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात म्हणून. तुमचं साडेतीन एकर रान उद्या तोडलं तरी येत्या जूनचा पाऊस चुकणार नाही. मात्र पूर्ण सह्याद्रीच्या जंगलाचा विचार केला की चित्र वेगळं दिसतं. झाडं मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतात आणि ती वाफ वाऱ्याबरोबर पूर्वेकडे जाते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तामिळनाडूत नैऋत्य मोसमी काळात पडणाऱ्या पावसातलं सुमारे २५ ते ४० टक्के बाष्प पश्चिम घाटाच्या वनस्पतींनी सोडलेलं असतं. म्हणजे या जंगलाचा पावसाशी संबंध आहे, पण त्याचा मोठा लाभ घाटापलीकडच्या कोरड्या मुलखाला होतो. भावाला हे असंच सांगा.

ऑक्सिजनचा मुद्दा मात्र सोडून द्या. जुनं, पूर्ण वाढलेलं जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळजवळ तेवढाच त्याची झाडं श्वसनात आणि त्यातल्या बुरशा, जिवाणू, किडे पाचोळा कुजवताना वापरून टाकतात. ॲमेझॉन जगाला वीस टक्के ऑक्सिजन पुरवतं हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण ते खरं नाही. जंगलाने खोडांत आणि मातीत साठवलेला कार्बन हा खरा मुद्दा आहे. झाडं तोडून जाळली की तो हवेत जातो.

आता तुमच्या घराशी थेट जोडलेली गोष्ट, म्हणजे व्हाळाचं पाणी. इथे आकडेमोड करूनच बोलू.

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ४,०४७ लिटर पाणी होतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. ३,००० धरले तरी तुमच्या साडेतीन एकर रानावर दर पावसाळ्यात सुमारे सव्वाचार कोटी लिटर पाणी पडतं. खाली दीड एकरात २.७ मीटर बाय २.७ मीटर अंतराने लावलेल्या साधारण ८३० पोफळी असतील. ठिबकने एका पोफळीला उन्हाळ्यात रोज १६ ते २० लिटर पाणी लागतं. वीस धरले तर बागेची गरज रोजची १६,६०० लिटर. डिसेंबर ते मे असे १८० दिवस धरले तर साधारण ३० लाख लिटर. म्हणजे वर पडलेल्या पावसातला फक्त सात टक्के भाग जमिनीत मुरून मेपर्यंत हळूहळू झिरपत राहिला, की तुमची बाग भागते. पाऊस किती पडतो यावर तुमची बाग फारशी अवलंबून नाहीच. जुलैचं पाणी मेपर्यंत थांबतं का, यावर आहे.

ते थांबवण्याचं काम रान करतं. ते कसं, हे बघायला रानात जाऊन एखाद्या जुन्या झाडाखाली हात खुपसा. वर कोरडी, अख्खी पानं लागतील. त्याखाली ओलसर, जाळीदार झालेली पानं आणि त्यांना एकमेकांत शिवणारे बुरशीचे पांढरे धागे. त्याखाली काळी, भुसभुशीत माती, तीत केसांसारख्या मुळ्यांचं जाळं आणि किड्यांची, गांडुळांची भोकं. पावसाचा थेंब आधी पानांच्या दोन-तीन थरांवर आपटतो, मग पाचोळ्यावर, आणि जमिनीला लागतो तेव्हा त्याचा जोर संपलेला असतो. तो मातीची तोंडं बुजवत नाही, भोकांतून आत जातो. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र आहे, त्यामुळे आत गेलेलं पाणी खाली उतरतं आणि महिन्यांनी व्हाळात येतं. उघड्या जमिनीवर तोच थेंब मातीचे कण उडवतो, बारीक गाळ भोकांत बसतो, वर पापडी धरते आणि पाणी लाल होऊन थेट खाली पळतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या पश्चिम घाटात झालेल्या मोजमापांतही नैसर्गिक जंगलाच्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग उजाड झालेल्या जंगलापेक्षा जास्त आढळला आहे.

आमच्यावर किंवा मुलीच्या पुस्तकावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. सहा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. पाचोळा अलगद बाजूला करा, पण माती खरवडू नका. पाइप दोन इंच जमिनीत ठोका. आत एक लिटर पाणी ओतून ते मुरू द्या. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कारण सुकी माती सुरुवातीला झपाट्याने पाणी पिते. मग दुसरं लिटर ओता आणि घड्याळ लावा. हे रानात तीन ठिकाणी करा आणि गुरांच्या वाटेवर किंवा उघड्या भरडावर तीन ठिकाणी, कारण एखाद्या जागी मूळ किंवा दगड लागला तर आकडा भलताच येतो. पाइपमध्ये एक लिटर पाणी साडेपाच सेंटिमीटर उंच उभं राहतं. ते मुरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर ताशी ५५ मिलिमीटरपेक्षा जोराची सर आली की वरचं पाणी वाहून जाणार, हे पक्कं धरा. दोन्हीकडच्या वेळा भावाच्या हातून लिहून घ्या.

दुसरं मोजमाप व्हाळाचं. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी, बाग शिंपण्याआधी, सगळी धार एका पाइपातून १५ लिटरच्या बादलीत घ्या आणि भरायला किती सेकंद लागतात ते वहीत टिपा. बागेला रोज १६,६०० लिटर हवे असतील तर बादली ७८ सेकंदांत भरायला हवी. मे महिन्यात ती याहून लवकर भरत असेल तर तुमच्याकडे शिल्लक आहे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही आत्ताच काठावर आहात, आणि अशा वेळी वरचं रान हलवणं म्हणजे बाग पणाला लावणं.

इथे एक गोष्ट लपवणं योग्य होणार नाही. झाडं स्वतःही पाणी पितात. काही ठिकाणी गवताळ माळावर दाट लागवड केल्यावर व्हाळ आटल्याची उदाहरणं आहेत. झाड तोडलं की त्याचं पिणं थांबतं, म्हणून तोडीनंतरच्या पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत धार वाढलेलीसुद्धा दिसू शकते, आणि मग लोक म्हणतात, बघा, काही बिघडलं नाही. तोवर पाचोळा संपतो, माती दबते, आणि मग उतरती लागते. शिवाय तुमच्या व्हाळाचं पाणी फक्त तुमच्या साडेतीन एकरांतून येत नाही, शेजाऱ्यांच्या रानांतूनही येतं. तुम्ही राखलं आणि वरच्याने तोडलं तर अर्धाच फायदा. म्हणून वरच्या खातेदारांशी आत्ताच बोला, ठेकेदार त्यांच्याकडे जायच्या आधी.

मग जेसीबी. कोकणात पूर्वीपासून जी सरपणाची तोड होते तिच्यात कोयत्याने खोड कापलं जातं, पण बुंधा आणि मुळं जमिनीत राहतात. ऐन, किंजळ यांना पुन्हा फुटवे येतात आणि माती धरलेली राहते. रबरासाठी जागा साफ करताना बुंधे उपटले जातात आणि उतारावर आडवे पट्टे खणले जातात. मुळांचं जाळं तुटतं आणि पट्ट्यात पाणी साचून उतारात शिरतं. नवीन लावलेल्या झाडांची मुळं माती धरण्याइतकी वाढायला काही वर्षं जातात आणि तोवरचा प्रत्येक पावसाळा धोक्याचा. प्रत्येक दरड तोडीमुळेच कोसळते असं नाही. खोलवर खडकात सरकणारी दरड झाडंही रोखू शकत नाहीत. पण वरवरची माती धरून ठेवण्यात मुळांचा वाटा फार मोठा असतो. तुमचं घर किंवा वाडी या उताराच्या पायथ्याशी असेल तर हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे. २०१४ चं माळीण आणि २०२१ चं तळिये कोणाच्याही आठवणीतून गेलेलं नाही.

भावाचं म्हणणं असेल, की नाही जमलं तर परत रान येऊ देऊ. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. तुमचं रान खरंच सदाहरित, म्हणजे मुलगी म्हणते तसं वर्षावन, आहे का, ते आधी बघा. मार्चमध्ये रानात चौकोन आखा, २० मीटर बाय २० मीटर, म्हणजे जवळपास चार गुंठे. त्यात छातीच्या उंचीवर ३० सेंटिमीटरहून जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड मोजा आणि गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन त्याचं नाव लिहा. बहुतेक झाडं हिरवी असतील, रानजायफळ, नागचाफा, सुरंगी, अंजनी, पिसा, धूप अशी नावं येत असतील, खाली त्यांचीच रोपं असतील, जाड वेली झाडांवरून झाडांवर गेल्या असतील, तर ते सदाहरित किंवा त्याच्या अगदी जवळचं रान आहे. निम्मी झाडं पानं गाळून उभी असतील आणि ऐन, किंजळ, नाणा हीच नावं फिरून फिरून येत असतील तर पूर्वी कधीतरी तोड झालेली आहे. तेही राखण्यासारखंच आहे, पण त्याला परत उभं राहायची सवय असते.

सदाहरित झाडांची तशी नसते. त्यांच्या बऱ्याच जातींचं बी मोठं, ओलसर असतं. ते सुकलं की मेलं. ऐनासारखं वर्षभर पडून राहून पुढच्या पावसात उगवत नाही. रानजायफळाचं बी पिकून पडलं की काही आठवड्यांत रुजलं पाहिजे, तेही सावलीत. उघड्या उन्हात रोप करपतं. म्हणजे तोड झाल्यावर जमिनीत या झाडांची शिल्लकच उरत नाही, बी बाहेरून यावं लागतं. ते आणणार कोण? एवढं मोठं बी गिळू शकणारे पक्षी मोजके, त्यात मुख्य धनेश, म्हणजे गावाकडचा ककणेर. महाधनेशाची मादी विणीच्या काळात बेहड्यासारख्या जुन्या, जाड झाडाच्या ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि काही महिने आतच राहते. तेवढा काळ नर बाहेरून फळं आणून तिला आणि पिलाला भरवतो. ती ढोली धरायला झाड एका माणसाच्या हयातीपेक्षा जुनं लागतं. जुनी झाडं गेली की धनेश गेला, धनेश गेला की रानजायफळाचं बी हलायचं थांबलं. त्या मोकळ्या जागेत रानमोडी हे तण माजतं, ते उन्हाळ्यात वाळतं, वणवा लागतो, आणि वणव्यातून वाचतात ती पुन्हा ऐन-किंजळच. म्हणून रबर तोडून काजू लावता येईल, काजू तोडून आंबा लावता येईल, पण यातलं काहीही तोडून हे रान परत लावता येणार नाही. साडेतीन एकरांत जो निर्णय मागे घेता येत नाही तो सगळ्यात शेवटी घ्यायचा.

तुमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. झाडाची मुळं पाण्यातून गुडघ्यासारखी वर काढून श्वास घेणारं हे जंगल महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच उरलेलं नाही. ती जागा जेमतेम अडीच हेक्टरांची, आणि शासनाने २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. ती तोवर टिकली ती देवराई म्हणून गावाने राखली होती त्यामुळे. साडेतीन एकरांनी काय होणार, या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे. सिंधुदुर्गात आणि एकूणच उत्तर सह्याद्रीत रानाचा मोठा हिस्सा खाजगी मालकीचा आहे, म्हणजे ते अशा साडेतीन आणि पाच एकरांनीच बनलेलं आहे. तिळारीच्या बाजूला वाघाचा वावर आहे आणि २०२० मध्ये तिथे संवर्धन राखीव क्षेत्र झालं. पण वाघ, गवा, धनेश यांना राखीव क्षेत्राची हद्द कळत नाही. ते तुमच्या-आमच्या रानांतून ये-जा करतात.

जगाचं म्हणाल, तर २०२४ या एका वर्षात उष्ण कटिबंधातलं सुमारे ६७ लाख हेक्टर प्राथमिक, म्हणजे जुनं मूळचं, जंगल नष्ट झालं. तिथली तोड बहुतेक वेळा गोमांसासाठी, सोयाबीनसाठी, पामतेलासाठी असते आणि तुमच्या हातात नसते. तुमच्या हातात आहे ते इथलं. आणि इथल्या रानाचं जगाने आधीच बरंच काही घेतलं आहे. काळी मिरी मुळात पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलातली वेल आहे. तिचे रानटी भाऊबंद अजून याच रानांत चढलेले असतात आणि लागवडीच्या मिरीवर रोग आला की प्रतिकारशक्ती शोधायला त्यांच्याकडेच यावं लागतं. तुमच्या डोंगरात नरक्या नावाचं लहानसं झाड असेल. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन सापडतं आणि त्यापासून बनणारी औषधं अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात. त्यामुळेच नरक्याची चोरटी तोड होते. कोणी नरक्याचं लाकूड मागायला आला तर त्याला दारात उभं करू नका.

आता कायदा, कारण ठेकेदार म्हणाला असेल की परवानगीचं आमच्यावर सोपवा. ते कधीही सोपवायचं नाही. गुन्हा दाखल झाला तर सातबाऱ्यावरचं नाव तुमचं असतं, ठेकेदाराचं नाही. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. ‘इतर हक्क’ रकान्यात खाजगी वन, (भारतीय वन कायद्याचं) कलम ३५ किंवा वनसंज्ञा अशी नोंद आहे का ते पाहा. अशी नोंद असेल तर १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा आणि १९८० चा वन संवर्धन कायदा मध्ये येतो आणि रबर लावण्यासाठी साफसफाई करणं सरळ बेकायदा ठरू शकतं. नोंद नसली तरी हिरडा, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, साग ही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत. त्यांना वनखात्याची परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. त्याहून महत्त्वाचं, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर अंतरिम बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याबाबत केंद्राला निर्देश दिले. तुमचं गाव यात आहे का, हे परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो’ यावर कोयता लावू देऊ नका. जमीन वडिलोपार्जित असल्याने सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. ठेकेदाराच्या कागदावर एकाने सही केली की भांडण घरात येतं.

रबराला आमचा विरोध नाही. उघड्या, मुरमाड भरडावर ज्यांनी रबर लावला त्यांना उत्पन्न मिळतंय. पण हिशेब पुरा करा. एकरी सुमारे १८० ते २०० झाडं बसतात. चीक काढायला साधारण सातव्या वर्षी सुरुवात होते, तोवर खर्चच. झाडाचं कमाईचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं. चीक पहाटे काढावा लागतो आणि पाऊस आला की दिवस वाया, म्हणून झाडाला पावसाळी छत्री बांधावी लागते. आपल्या पावसात पानगळीचा रोग येतो, तो तुमच्या पोफळीवर कोळे रोग (फळगळ) आणणाऱ्या बुरशीच्या कुळातलाच. त्यासाठी पावसाआधी एक टक्का बोर्डो (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) फवारावा लागतो, तोही उंच झाडांवर. रबराच्या बागेखालची झुडपं सहसा बेणून टाकली जातात, त्यामुळे पाणी मुरण्याचा प्रश्न राहतोच. भावाला लागवडच करायची असेल तर आधीच उघडी असलेली जमीन शोधू द्या, स्वतःची किंवा भाडेपट्ट्याने. तिथे ७ मीटर बाय ७ मीटरवर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ काजूची कलमंसुद्धा एकरी ८० बसतात आणि तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागतात.

रान राखून पैसे किती, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एकरकमी रकमेइतके नाहीत, हे आधीच सांगतो. पण दरवर्षी येणारे आहेत. सगळ्यात खात्रीचं कोकम. ते इथलंच झाड, सावली सोसतं, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. रानाच्या खालच्या कडेला, जिथे आधीच मोकळीक आहे तिथे, कोकण अमृता किंवा कोकण हातीसची कलमं लावा. बियांची रोपं लावू नका; कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांतून आलेली निम्मी झाडं नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. फळ पावसाआधी उतरवून सोलं (आमसुलं) वाळवली तर भाव मिळतो, भिजलं तर बुरशी धरते. बियांचं मुठेलही (घट्ट तेल) विकलं जातं. हिरडा, बेहडा, शिकेकाई, तिरफळ हे रानातून गोळा करण्याचं. बेहडा झाडावरून झोडपू नका, पडलेला वेचा, पाच-सहा दिवस कडक उन्हात वाळवा, ओला माल पोत्यात भरला की किडतो आणि व्यापारी वजनात कापतो. दर झाडाखालचा निदान चौथा हिस्सा जागेवर सोडा. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात खाजगी रानमालकांशी रान न तोडण्याचे करार केले आहेत आणि हिरडा-बेहड्याला ‘फेअरवाइल्ड’ या, रानातला माल रान टिकवून गोळा केल्याच्या, प्रमाणपत्रातून परदेशी खरेदीदार मिळवून दिला आहे. अशा करारात मालकी तुमच्याकडेच राहते. कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणत कोणी आधी फी किंवा वीस-तीस वर्षांचं कुलमुखत्यारपत्र मागत असेल तर सही करू नका.

यात एक चूक फार होते. मिरी, वेलदोडा किंवा जायफळ लावायचं म्हणून रानाच्या आतली बारकी झाडं, रोपं बेणून टाकतात. वरची मोठी झाडं ठेवतात आणि म्हणतात रान राखलं. ती मोठी झाडं एकेक करून मरतील तेव्हा त्यांच्या जागी यायला कोणी शिल्लक नसतं. मिरी चढवायची तर कडेच्या दोन-तीन रांगांतल्या झाडांवर चढवा. व्हाळाच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर काहीही करू नका, गुरंही आत सोडू नका.

कडेला रानमोडी शिरली असेल तर ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमीन ओली असताना आणि फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा. नुसती कापली तर दुप्पट फुटते. डिसेंबर-जानेवारीत रानाच्या कडेने वणवा रोखणारी तीन-चार मीटर रुंद जाळरेषा साफ करा, विशेषतः रस्त्याच्या आणि भाजावळीच्या (राब जाळतात त्या) बाजूने. पातळ झालेल्या जागी भर घालायची असेल तर रोपवाटिकेतली परदेशी झाडं आणू नका. मे-जूनमध्ये तुमच्याच रानात पडलेलं ताजं बी उचला, गर धुवून टाका, उन्हात न वाळवता दोन-चार दिवसांत पिशवीत पेरा आणि झाडाच्या सावलीतच वाढवा. रोप दोन पावसाळे पिशवीत काढून तिसऱ्या जूनला लावा, चार-पाच मीटर अंतराने, एखाद्या ऐन-किंजळाच्या सावलीत. उघड्यावर लावलेली बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात जातात.

ठेकेदाराला आत्ता ‘नाही’ म्हणायचंही कारण नाही, नुसतं सांगा की वनखात्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय आणि मेच्या शेवटापर्यंत व्हाळाची नोंद झाल्याशिवाय बोलणी नाहीत. तो घाई करू लागला, आगाऊ रक्कम पुढे करू लागला, तर ती घेऊ नका. घेतलेली रक्कम परत करणं गावात फार अवघड जातं. भावाचा मूळ प्रश्न उत्पन्नाचा असेल तर वाटणी बोलताना पोफळीच्या बागेतला हिस्सा त्याला जास्त द्यायची तयारी ठेवा, आणि रान मात्र सातबाऱ्यावर सामाईकच राहू द्या.